उदगीरच्या बाजूनं गळणारं तळं

अख्ख्या लातुरात नळाला आठ दिवसांनी एकदा पाणी यायचं, आणि तेही आल्यासारखं करून परत जायचं, त्या साली अंगणात कमळाचं तळं खोदायला घेणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच होता आणि आमच्या नशिबानं तो आमचा व्याही होता. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. लोक विहिरीत वाकून पाण्याऐवजी आपल्याच नशिबाला हाका मारीत होते. अशात मला नांदेडला कार्ड आलं. मजकूर जसाच्या तसा पाठ आहे: "तळे खोदले आहे. कमळाचे चांगले गड्डे घेऊन यावे, तुमच्याकडे मिळतात असे ऐकतो. पाऊस नाही. तुरीला भाव बरा. सूनबाईस चौथा महिना लागला आहे." मी आजोबा होणार ही बातमी मला तुरीच्या भावाच्या खाली, कार्डाच्या कडेला, तिकिटाला वळसा घालून गेलेल्या ओळीत समजली.

आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. हे इवाई लातूरच्या बाजारातले जुने अडते. मूग, तूर, हरभरा यांत त्यांची हयात गेली. पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची एक टोकदार लोखंडी नळी असते, तिला परखी म्हणतात. ती परखी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात कायम असायची. बाकीची माणसं पेन बाळगतात तशी. दुकान आमच्या जावयाच्या ताब्यात दिलं तरी परखी काही दिली नाही. नमुना बघितल्याशिवाय या माणसानं जगात काही म्हणून घेतलं नाही. कलिंगडाला परखी, गुळाच्या ढेपेला परखी, सिमेंटच्या गोणीला परखी. आमच्या लेकीच्या लग्नात रुखवतात आम्ही गादी दिली होती. भर मांडवात, दोनशे माणसांच्या देखत, त्यांनी त्या गादीत परखी खुपसून चिमूटभर कापूस बाहेर काढला, दोन बोटांत चोळला आणि जाहीर केलं, "सावरीचा हाय. एक नंबर!" आमच्या मंडळींनी पदराआड डोळे पुसले. ते आनंदानं की गादीच्या दुःखानं हे मी आजवर विचारलेलं नाही. विहीणबाई मात्र खमक्या. त्या म्हणायच्या, "माझ्या बापानं मला दाखवली तवा ह्यांच्या हातात परखी नव्हती म्हणून जगले बघा."

मुलगी बघायला आले तेव्हाची तऱ्हाही तशीच. बाकीची मंडळी पोहे खात लेकीला काय येतं, काय येत नाही विचारत बसली. हे उठले ते थेट आमच्या परसात. तिथं न्हाणीच्या मोरीचं पाणी जिथं निघतं तिथं कर्दळ आणि अळू माजलेलं होतं. अळूला आम्ही चमकुरा म्हणतो. इवाई त्या चमकुऱ्याच्या सुपाएवढ्या पानांकडं पाच मिनिटं बघत राहिले आणि परत येऊन म्हणाले, "मोरीवरची झाडं हायत. चांगली हायत. पर मोरीवरची." मग लेकीकडं एक नजर टाकून, एकही प्रश्न न विचारता, म्हणाले, "सोयरीक पक्की." मला राग आला होता. माझ्या पोरीपेक्षा चमकुरा जास्त वेळ बघितला या माणसानं!

त्यात लातूर नवं नवं जिल्हा झालेलं. माणूस नवी सून जेवढी मिरवत नाही तेवढा त्यांनी तो जिल्हा मिरवला. पत्त्यात 'जिल्हा लातूर' एवढं मोठं लिहायचे की गावाचं नाव लिहायला जागा उरत नसे. कुणी चुकून जुन्या जिल्ह्याचं नाव काढलं तर बस थांबवून तकरार करायचे. मला म्हणायचे, "तुमचं नांदेड जुना जिल्हा. जुनं ते सोनं म्हणतेत. पर सोनं पेटीत ठिवतेत, इवाई. वापरायला नवंच लागतंय." मी पाटबंधारे खात्यात कारकून. पाणी कागदावर बघण्यात माझी नोकरी गेली. पण गोदाकाठचा माणूस पाण्याच्या बाबतीत मस्तवाल असतोच, तसा मीही होतो. मी म्हणायचो, "नवा जिल्हा खरा, पण त्यात प्यायला काय आहे?" त्यावर ते कान खाजवायचे.

तर मी मुदखेडच्या पलीकडच्या एका तळ्यातून कमळाचे गड्डे काढवले, ओल्या पोत्यात भरले आणि एसटीनं निघालो. पोत्यातून चिखलाचं पाणी ठिबकत होतं. कंडक्टरनं चारदा विचारलं की आत मासे आहेत का. मी सांगितलं, मुलीच्या सासऱ्याचा हट्ट आहे. मग मात्र त्यानं पोतं वर चढवायला हात लावला. त्यालाही लेक असावी.

तळं बघितलं आणि हसू आवरेना. साधं चौकोनी नाही, गोल नाही. कुठं पोट सुटलेलं, कुठं शेपूट निघालेली. इवाई म्हणाले, "वळखलं का? आपल्या जिल्ह्याचा नकाशा हाय!" गवंड्याला शाळेतला नकाशा दाखवून त्यांनी ते बांधून घेतलं होतं. दहा पावलांत जिल्हा संपायचा. काठावर उभं राहून ते बोटानं दाखवू लागले, "हे औसा. ते निलंगा. तिकडं उदगीर. ही तुमच्याकडची बाजू, अहमदपूर. उदगीरच्या बाजूनं जरा गळतंय, पर ते होईल नीट." मी विचारलं, "अहो, दुष्काळात तळं?" ते म्हणाले, "पाणी असताना तळं कुणी बी खोदतंय. खड्डा कोरडा असतानाच खोदावा. भुई कोरडी, गवंडी रिकामा."

पण तळ्यात पाणी होतं, गुडघाभर. आणि घरात बघतो तर आमची लेक एका बादलीत आंघोळ उरकत होती, तीही साबणाशिवाय, अंगाला मुगाचं पीठ लावून. गल्लीत टँकर यायचा तेव्हा घागरी घेऊन उभं राहायचं. इवाई मात्र सकाळी तळ्याच्या काठावर फरशी टाकून ऐसपैस अंघोळीला बसलेले. माझं डोकंच सणकलं. गर्भार पोरीला एक बादली आणि या हौशी म्हाताऱ्याच्या खड्ड्याला गुडघाभर! पण मुलीचा बाप पडलो. जीभ दातांखाली धरली आणि पोतं पुढं सरकवलं.

त्यांनी गड्डे फरशीवर मांडले. आणि मग, देवाशपथ सांगतो, खिशातून परखी काढली. मी म्हणालो, "इवाई, थांबा, ते कमळ आहे, हरभरा नाही." ते म्हणाले, "माल बघितल्याबिगर पोतं उतरवून घेत न्हाई मी. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, सख्ख्या भावाचा माल असला तरी बघतो." आणि एकेका गड्ड्यात खच्‌कन परखी. अकराच्या अकरा. आतून निघालेला पांढरा गर नाकाला लावून म्हणाले, "एक नंबर!" मग ते एक नंबरचे गड्डे वाजतगाजत तळ्यात लावले. भोकातून आत पाणी शिरलं. आठ दिवसांत सगळे कुजले आणि घरभर असा काही वास सुटला, की विहीणबाई माहेरी जाते म्हणाल्या. त्यांचं माहेर उदगीरला. इवाई म्हणाले, "जातीस तर तेवढं आपल्या तळ्याचं बी बघून ये, उदगीरकडनं गळतंय."

कमळ गेलं, पण माणूस हटला नाही. त्यांनी झाडं बघायला सुरुवात केली, आणि 'बघायला' म्हणजे लग्नासाठी बघतात तशी. रोपवाटिकेतल्या माळ्याला पुढ्यात बसवून विचारायचे, मूळगाव कुठलं, खोल पाण्यातलं का काठावरचं, खातंपितं किती, पोरंबाळं किती होतात. एक पांढरी कुमुदिनी जवळजवळ ठरलीच होती. मग माळी म्हणाला की ही रात्री फुलते. "रात्री आम्ही निजतो. कुणासाठी फुलणार ती? न्हाई जमायचं." शिंगाड्याचा वेल आला, त्याला काटे आहेत म्हणून नाकारला. "घरात लेकरू येणार हाय, काटेवालं नको." कुणीतरी नदीतून जलपर्णी आणून दिली. जांभळी, नाजूक, बघताच जीव जडावा अशी फुलं. इवाई हरखले. पण आमची लेक गोदाकाठची, तिनं ओळखली. ती म्हणाली, "आप्पा, ही दिसती गरीब. महिन्याभरात सगळं तळं ताब्यात घेईल." त्यांनी ती जलपर्णी उचलून उन्हात वाळत टाकली आणि विहीणबाईंकडं बघून म्हणाले, "आमच्या वक्ताला असं सांगणारं कुणी नव्हतं."

फुलापेक्षा त्यांना पान आवडायचं. त्याचीही अडत्याची अक्कल होती. "फूल म्हणजे भाव. आज हाय, उद्या न्हाई. पान म्हणजे माल. माल असला की भाव येतोच." म्हणून लव्हाळा आणला, वाळा आणला, पाणकणीस आणलं. प्रत्येकाला तालुका ठरवून दिला. लव्हाळा निलंग्याला, वाळा औशाला. कुणी विचारलं की, "निलंग्याची खबर काय?" तर ते लव्हाळ्याची तब्येत सांगायचे. बहुतेक खबर वाईटच असायची. पाणी कमी होत चाललं होतं, ऊन वाढत होतं, आणि एकेक तालुका पिवळा पडत होता.

ही सगळी हकीकत मला दर आठवड्याच्या कार्डातून कळत होती आणि शेवटी माझा संयम संपला. पाचव्या महिन्यात मी लातूरला गेलो तो भांडायचं ठरवूनच. चहासुद्धा घेतला नाही. म्हणालो, "इवाई, स्पष्ट बोलतो. माणसाला एक बादली आणि खड्ड्याला गुडघाभर पाणी, हा कुठला न्याय? पहिलं बाळंतपण माहेरी असतंच. मी लेकीला आजच घेऊन जातो. आमच्याकडं नदी आहे."

नदी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, बरं झालं, कुठंतरी लागलं. ते हळूच म्हणाले, "न्या की. हक्काची हाय तुमची. पर सातव्या महिन्याचं डोहाळजेवण हितं होऊ द्या. तळ्याच्या काठी बसवतो तिला. मंग न्या."

"काय आहे तळ्यात? एक बेडूकसुद्धा नाही!"

"येतेत. बेडूक काय पत्र पाठवून येत न्हाईत."

मी आणखी काही बोलणार तेवढ्यात लेकीनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "बाबा, तळ्यात टँकरचा एक थेंब पडत न्हाई. आम्ही अंघोळ करतो ना, तेच पाणी जातंय. माझं, आत्याबाईंचं, ह्यांचं, सगळ्यांचं. आप्पा काठावर का बसतेत? त्यांच्या अंगावरचं पाणी थेट आत जावं म्हणून. झाडाला साबण चालत न्हाई म्हणून घरात मुगाचं पीठ आणलं. दुसऱ्याची एक घागर घेतली न्हाई त्यांनी." मी म्हणालो, "पण हे एवढं कशासाठी गं?" ती म्हणाली, "माझ्यासाठी. माझं जेवण कमी झालं होतं. त्यांनी विचारलं, पोरी, काय होतंय? मी म्हणलं, आप्पा, नांदेडला सकाळी गच्चीवर गेलं की नदी दिसायची. हितं नजर ठेवायला पाणीच न्हाई. एवढंच म्हणलं. दुसऱ्या दिवशी गवंडी आला."

माझी काय अवस्था झाली ते लिहीत नाही. चहा मागितला, एवढंच सांगतो. दोन कप प्यालो.

जाताना लेक म्हणाली, "बाबा, मोरीचं पाणी हाय तर मोरीवरचीच झाडं लागतील. आपल्याकडची कर्दळ आणि चमकुरा आणा. मातीसकट." हा साधा विचार त्या कमळवेड्याच्या डोक्यात आला नव्हता, आणि पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माझ्याही नाही. चौथ्या दिवशी मी पुन्हा एसटीत. या वेळी तीन पोती. कंडक्टर तोच. त्यानं फक्त विचारलं, "सासऱ्याचा हट्ट अजून फिटला न्हाई का?" मी म्हणालो, "नाही हो, आता माझाच आहे."

पोती अंगणात उतरवली. सगळं घर गोळा झालं. इवायांनी पहिलं पोतं सोडलं, आतला चमकुऱ्याचा मातकट गड्डा हातात घेतला, आणि सवयीनं त्यांचा दुसरा हात कोटाच्या आत गेला. परखी बाहेर आली. माझ्या डोळ्यांपुढं ती गादी तरळली. त्यांनी परखीकडं पाहिलं, गड्ड्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. मग परखी पुन्हा खिशात ठेवली आणि म्हणाले, "सुनेच्या माहेरचा माल हाय. ह्यात काय बघायचं? सोयरीक ठरवली तवा बी बघितला नव्हता." विहीणबाईंनी मोठ्यांदा "अगं बाई!" केलं. जावयानं पुढं मला सांगितलं, की आप्पांनी नमुना न बघता माल उतरवून घेतला, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झाली आणि दोघे-तिघे त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला घरी येऊन गेले.

ती सगळी झाडं त्यांनी अहमदपूरला लावली. म्हणजे तळ्याच्या नांदेडकडच्या बाजूला. मी म्हणालो, उदगीरची बाजू ओली राहते, तिकडं लावा. ते म्हणाले, "न्हाई. माहेरची झाडं माहेरच्या अंगालाच. रोज सकाळी हितं बसली की तोंड तुमच्याकडं होतंय तिचं." आणि झाडंही इमानी. मोरीच्या पाण्यावर वाढलेली, मुगाच्या पिठाच्या पाण्याला कशाला नाकं मुरडतील? चमकुऱ्यानं पानं फेकली, सुपापेक्षा मोठी. कर्दळ लालभडक फुटली. आजूबाजूची सगळी गल्ली मातीच्या रंगाची झालेली, आणि मधे हा एवढाच हिरवा तुकडा. बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत असायच्या, त्या काठावर येऊन बसायच्या. आणि खरंच, एक दिवस बेडूक आला. इवायांनी त्याचं वेगळं कार्ड टाकलं मला.

डोहाळजेवण तिथंच झालं. लेकीला कर्दळीच्या फुलांची वेणी घातली, हिरवी साडी नेसवली, अहमदपूरच्या काठावर पाटावर बसवली. गल्लीतल्या बायकांनी गाणी म्हटली. इवाई लांब दारात उभे होते, पुरुषांचं काम नाही म्हणून. ओटी भरून झाल्यावर हळूच जवळ आले आणि लहान पोरासारखं तोंड करून म्हणाले, "कमळ न्हाई जमलं, पोरी."

ती म्हणाली, "कमळ काय खायचंय का, आप्पा? मला चमकुऱ्याच्या वड्या पाहिजेत." त्यावर इवाई स्वतः तळ्यात उतरले, गुडघ्यापर्यंत धोतर खोचून, आणि पानं खुडायला लागले. तिच्या ताटात त्या दिवशी सात वड्या होत्या आणि तिनं त्या सातही खाल्ल्या. मी दोन खाल्ल्या. घशाला खाजत होत्या, चिंच कमी पडली होती.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला नांदेडला आणलं. नात झाली. पुढच्या साली पाऊस बरा झाला, तळं काठोकाठ भरलं आणि उदगीरच्या बाजूनं रीतसर रिकामंही झालं. मग नळाचं पाणी सुधारलं, घरात साबण परत आला, आणि साबणाच्या पाण्याला नाली वेगळी काढली. तळ्यात पाणी कमी आणि पानं जास्त, असं पुष्कळ वर्षं चाललं. इवाई रोज संध्याकाळी खुर्ची टाकून त्या जिल्ह्याचा कारभार बघत बसायचे.

शेवटी शेवटी डोळ्यांचं काहीतरी दाखवायला ते नांदेडला आमच्याकडं आले होते. एका सकाळी मी त्यांना रिक्षानं विष्णुपुरीला घेऊन गेलो. खरं सांगायचं तर मिरवायलाच. तोवर धरण झालं होतं, आणि त्या साली ते भरलेलं होतं. नजर पोचेल तिथवर पाणी. कोटाच्या खिशात हात घालून ते काठावर उभे राहिले. मी वाट बघत होतो, की आता काहीतरी खोट काढतील, उदगीरच्या बाजूनं गळतं का विचारतील. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "लई पाणी हाय हो, इवाई. हे बघत वाढलेली पोर. तिला मी डबकं दाखवत बसलो."

मस्तवालपणा कुठल्या कुठं गेला. मी म्हणालो, "इवाई, ती इथं आली की शेजारणींना काय सांगते ठाऊक आहे? आमच्याकडं लातूरला तळं आहे म्हणते. ह्या धरणाचं नाव काढत नाही."

ते माझ्याकडं वळले. "किती मोठं सांगती?"

मी पाण्याकडं पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि म्हणालो, "ह्याच्यापेक्षा थोडं लहान."

ते हसले. मग खाली वाकले, खिशातून परखी काढली आणि काठाच्या ओल्या चिखलात खुपसून नमुना बघितला. दोन बोटांत चोळला. "चांगला हाय," म्हणाले, "पर चमकुरा आपल्याकडंच बरा येईल." आणि थोडा चिखल रुमालात बांधून घेतला, लातूरला न्यायला.